अकरा नंबरची पिशवी

बुधवारी सकाळी सरावाला उभा राहिलो, अमेरिकन फुटबॉलचा पहिला चेंडू हातात घेतला आणि हाताने सांगितलं, हा माझा नाही. दिसायला तोच होता. तीच तपकिरी कातडी, तीच पांढरी वादी, शेजारी काळ्या शाईने काढलेला माझा अकरा नंबर. पण कातडी मऊ होती, जरा चिकट, जणू कुणीतरी तासभर जास्त घासून तिचा माज उतरवला होता. दुसऱ्या कुणाला हे कळलंही नसतं. मला कळलं, कारण बारा वर्षं मी दिवसाला दोनशे वेळा हेच एक काम करत आलोय. मी तो फेकला. तो सरळ गेला, अगदी छान गेला, आणि म्हणूनच माझा संशय वाढला. शेजारी टिलरी उभा होता. एप्रिलमध्ये दक्षिणेतल्या एका बड्या कॉलेजातून आलेला, बावीस वर्षांचा, आठ नंबरवाला, माझ्या पाठीमागे उभं राहून माझी जागा रिकामी होण्याची वाट बघणारा. त्याने माझ्या पिशवीतला एक चेंडू उचलला, बोटावर फिरवला आणि म्हणाला, "आज काय मस्त चेंडू आहेत, म्हातारबा! हातातून निसटतच नाहीत." चौतिसाव्या वर्षी मी म्हातारबा झालो होतो, त्याचं मला काही नव्हतं. पण माझे चेंडू ह्याच्या हाताला मस्त का लागावेत?

नवा चेंडू कारखान्यातून येतो तेव्हा काचेसारखा गुळगुळीत असतो. तो ब्रशने, ओल्या टॉवेलने, कुणी चिखलानेही, घासून घासून माणसात आणावा लागतो, आणि प्रत्येक क्वार्टरबॅकची, म्हणजे संघात चेंडू फेकणाऱ्याची, माणसात आणण्याची कल्पना वेगळी. टोलेडोच्या आमच्या संघात हे काम सामानवाला कॅझ करायचा. एकतीस वर्षं करत होता. मी आयोवातल्या कॉलेजातून इथे आलो त्याच्या पहिल्याच दिवशी त्याने मला एका स्टुलावर बसवलं, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि एकामागून एक चौदा चेंडू माझ्या हातात दिले. "बोलायचं नाही, आयोवा. नुसती मान हलव," म्हणाला. तेव्हापासून त्याने मला माझ्या नावाने, रॉस म्हणून, कधी हाक मारली नाही. शेवटी एका कार्डावर लिहिलं: अकरा. अंगठ्याखाली खरखरीत. वादी कोरडी. चिखल नको. ते कार्ड त्याच्या टेबलावरच्या खिळ्याला बारा वर्षं लटकतंय. ह्या बारा वर्षांत तीन कोच बदलले, मालक बदलला, माझं घर दोनदा बदललं, पण ते कार्ड बदललं नाही. आणि आता कुणीतरी ते वाचायचं सोडून दिलं होतं.

माझा धंदाच संशयाचा आहे. वडील शाळेच्या संघाचे कोच होते. त्यांनी मी दहा वर्षांचा असताना शिकवलं की समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. तोंड थापा मारतं, पायांना थापा मारता येत नाहीत. समोरचे अकरा जण रांगेत उभे राहिले की दोन-तीन सेकंद मिळतात. त्यात कोण मागे सरकणार, कोण अंगावर येणार, हे त्यांच्या टाचांवरून ओळखायचं. शिवाय आपण स्वतः एकीकडे बघायचं आणि चेंडू दुसरीकडे टाकायचा. चोवीस वर्षं हे केलं की सवय मैदानावर ठेवून येता येत नाही. दुकानात सुटे पैसे घेताना मी माणसाचे बूट बघतो. लग्नात पाद्रीबाबाचे बघितले होते. शॅननला, माझ्या बायकोला, हे मी कधीतरी सांगून बसलो, तेव्हा ती म्हणाली, "आणि माझे?" मी म्हणालो, तू उंच टाचांचे घातले होतेस, काही कळलं नाही. ती हसली होती, पण जरा उशिरा.

चेंडूवरून माणसाचं भवितव्य कळतं हे मला लुंडीनमुळे माहीत होतं. ग्रेग लुंडीन, आमच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक. तो शेवटच्या वर्षाला, मी दुसऱ्या. त्याचा खांदा दुखायला लागला होता. एका सोमवारी कोचने मला आपल्या गाडीत बसवलं, हीटर लावला आणि सांगितलं, "शनिवारपासून तू. त्याला आम्ही सांगू. तोवर तोंडाला कुलूप." मी कुलूप लावलं. चार दिवस त्याच्या शेजारी बसून जेवलो. त्याने आपल्या ताटातला मक्याचा ब्रेड मला दिला, तोही खाल्ला. गुरुवारी सरावाला त्याने चेंडू उचलला, तो थबकला, त्याने तळहातात चेंडू एकदा फिरवला. सामानावरच्या विद्यार्थ्याने चेंडू माझ्या हातासाठी घासले होते. त्याला घाई झाली होती. लुंडीनने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. त्याला जे सांगायचं ते चेंडूने सांगितलं, मी नाही. पुढे तो कुठे गेला, काय करतो, मी विचारलं नाही. बुधवारी सकाळी तो मऊ चेंडू हातात घेऊन उभा असताना मला मक्याच्या ब्रेडची चव आली, खरोखर जिभेवर आली, आणि मनात म्हटलं, घ्या, आली पाळी.

दुपारी कॅझच्या खोलीत गेलो. ओल्या कातड्याचा आणि धुलाईच्या साबणाचा तिथला वास मला एरवी आवडतो. कॅझ पाठमोरा फोनवर बोलत होता. माझी चाहूल लागताच त्याने फोन ठेवला. हे मी टिपलं. टेबलावर माझी पिशवी उघडी होती आणि माझाच एक चेंडू अर्धवट घासलेला पडला होता. टिलरीची आठ नंबरची पिशवी मात्र खुंटीला, चेन लावून, नीट टांगलेली. म्हणजे त्याची पिशवी तयार झाली, आता माझीही त्याच्याच हाताच्या मापाने चालली आहे. हिशेब सोपा होता. कॅझने हात पुसले आणि म्हणाला, "काय आयोवा, बोटं कशी आहेत?"

बोटांचं कुणालाच माहीत नव्हतं. सप्टेंबरात एका सामन्यात सव्वाशे किलोचा एक गडी माझ्यावर पडला, मान एका बाजूला मुडपली आणि मानेपासून उजव्या अंगठ्यापर्यंत विजेचा झटका गेला. मी उठलो, हात हलवला, पुढची चाल सांगितली. त्या दिवसापासून अंगठा आणि शेजारचं बोट लोकरीच्या मोज्यात घातल्यासारखं वाटतं. डॉक्टरला सांगितलं नाही, कारण डॉक्टर कोचला सांगतो. हातमोजा घातला नाही, कारण बारा वर्षं न घातलेला हातमोजा आज घातला की पत्रकार विचारतात. शॅननलाही सांगितलं नाही. मग ह्या माणसाला कुणी सांगितलं? "ठीक आहेत," मी म्हणालो. "तुला कुणी विचारायला लावलं?" कॅझ म्हणाला, "थंडी पडली, म्हणून विचारलं." मी त्याच्या पायांकडे बघितलं. जुने, फुगलेले बूट, फरशीला चिकटलेले, तसूभरही हलले नाहीत. इतका पक्का थापाड्या मी आजवर पाहिला नव्हता.

घरी जाताना नदीवरच्या पुलावर वारा गाडी ढकलत होता आणि मी एकेकाची आठवण काढत होतो. कोच बर्डिक गेल्या आठवड्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलला. तो कधी कुणाला हात लावत नाही. फिजिओने मान कशी आहे विचारलं नाही. म्हणजे त्याला माहीत असणार. घरी शॅनन फोनवर बहिणीशी बोलत होती, मला बघून म्हणाली, "बरं, नंतर बोलते." दिवसभरात दुसरा माणूस, ज्याने मला बघून फोन ठेवला. तळलेले पर्च मासे होते, बटाटे होते, काकडीच्या लोणच्याची बरणी होती. मी बरणीचं झाकण पकडलं तर ते नुसतं टेकवून ठेवलेलं, हात लावताच फिरलं. "झाकण नीट लावत जा गं, धांदरट," मी म्हणालो, "सगळा वास उडतो." ती म्हणाली, "हो, विसरले." दोन महिने ती हेच विसरत होती. ह्या महिन्यात तिने मला तीन स्वेटर आणले होते, तिन्ही डोक्यावरून घालायचे. शर्ट एकही नाही. मी विचारलं, "बहीण काय म्हणते?" "तिच्या गल्लीत एक घर निघालंय म्हणे विकायला." बहीण आयोवात राहते. मी माशाचा काटा काढत बसलो. म्हणजे हिलाही ठाऊक आहे, ही तर सामान बांधायलाही बसली. मला इतकं एकटं वाटलं की पुढचे दोन घास मी नुसते फिरवत राहिलो.

गुरुवारीही चेंडू तसेच मऊ. शुक्रवारी सकाळी मी सरळ बर्डिकच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "मला काढायचं असेल तर तोंडावर सांगा, कोच. चेंडूंकडून सांगू नका." त्याने चष्मा काढला. "कसले चेंडू?" मी सगळं सांगितलं. टिलरीला ते कसे आवडतात तेही सांगितलं. बर्डिकने कॅझला बोलावून घेतलं. कॅझ टॉवेल खांद्यावर टाकून आला, दारातच उभा राहिला.

"ह्याचे चेंडू बदललेस?" बर्डिकने विचारलं.

कॅझने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. तो म्हणाला, "चूक झाली माझी. पिशव्यांची अदलाबदल झाली."

"तीन दिवस?"

"वय झालं, कोच. डोळे काम देत नाहीत."

"खोटं बोलतोय," मी म्हणालो. "ह्याने एकतीस वर्षांत कधी मोज्यांची जोडी चुकवलेली नाही! तुला कुणी सांगितलं ते सांग ना. कोचने की वरच्या साहेबांनी?"

"कुणी नाही रे," कॅझ म्हणाला.

बर्डिकने टेबलावर बोटं वाजवली. त्याला रविवारच्या सामन्याची काळजी होती, चेंडूंची नाही. "रविवारचे चेंडू लेस्टर घासेल," तो म्हणाला. लेस्टर म्हणजे कॅझचा मदतनीस, चाळिशीचा, लिहिलेल्या शब्दाला चिकटून वागणारा. "कार्डावर लिहिलंय तसे. आणि कॅझ, तू काही दिवस धुलाईकडे बघ." कॅझने मान हलवली आणि तो गेला. मला जिंकल्यासारखं वाटलं. त्याचं मला पुढे फार वाईट वाटलं, पण त्या सकाळी जिंकल्यासारखंच वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. जाताना बर्डिक म्हणाला, "रॉस, तुला काढायचं माझ्या डोक्यातही नव्हतं." मी त्याचे बूट बघितले. टेबलाखाली होते, दिसले नाहीत.

रविवारी सामना दुपारी एकला. मी सकाळी सव्वादहालाच मैदानात होतो. तळ्यावरून येणारा वारा कानात शिरत होता, गवत कडक झालं होतं. सामन्याचे बारा चेंडू लेस्टर तेव्हा पंचांकडे घेऊन निघाला होता. त्याच हाताने, त्याच कार्डाप्रमाणे घासलेले उरलेले माझ्या पिशवीत होते. एक उचलला. डोळे मिटले. अंगठ्याखाली खरखरीत, निदान तळहाताला तरी तसा लागला. वादी कोरडी. हाच तो! बारा वर्षांपूर्वी स्टुलावर बसून मान हलवली होती तो हाच. जुना मित्र रस्त्यात भेटावा तसं मला वाटलं, स्वतःचंच हसू आलं. समोर वीस यार्डांवर टिलरी झेलायला उभा होता. मी हात मागे नेला आणि फेकला.

चेंडू अंगठ्यावरून निसटला आणि डगमगत त्याच्या डावीकडे पाच फुटांवर पडला. "वारा आहे," टिलरी ओरडला. दुसरा माझ्या पुढ्यात दहा पावलांवर पडला. तिसरा पुढे गेलाच नाही, मागेच गळून पडला आणि मी रिकामा हात पुढे फेकला. ह्यावेळी टिलरी उगाच बुटांची नाडी बांधायला वाकला, माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून. मी चेंडू उचलून पुन्हा पकडला, दाबला, कातडीवर अंगठा घासला. खरखरीत, खरखरीत, असं मी मनाशी म्हणत होतो आणि अंगठ्याला काहीही कळत नव्हतं. तळहाताला कळत होतं, करंगळीला कळत होतं. मग हळूहळू, बर्फ वितळावा इतक्या हळू, एकेक गोष्ट फिरून दुसरी बाजू दाखवायला लागली. मऊ चेंडू. चिकट कातडी. सरळ गेलेली फेक. आठ नंबरची पिशवी खुंटीला का होती? कारण तिला काही करायचंच नव्हतं. बोटं कशी आहेत? त्याला कुणी विचारायला लावलं नव्हतं.

धुलाईची खोली तळघरात आहे. कॅझ गरम टॉवेलांच्या ढिगापाशी घड्या घालत उभा होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. यंत्रांचा आवाज इतका होता की जवळच बोलावं लागलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सप्टेंबर," तो म्हणाला. घड्या थांबल्या नाहीत. "त्या सामन्यानंतर तुझे चेंडू पुसायला घेतले. दरवेळी अंगठ्याच्या जागी घामाचा डाग असायचा. त्या दिवशी डाग सरकलेला होता. चेंडू तळहातात धरत होतास. मग थोडं थोडं जास्त घासायला लागलो. दर आठवड्याला थोडं. ह्या आठवड्यात गारठा पडला, म्हणून एकदम जास्त घासलं. तिथे चुकलो. तुला कळलं."

"हवा कमी केली होतीस?"

"हवेला हात लावला नाही!" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "हवा पंच मोजतात. एकतीस वर्षांत मी हवेला हात लावलेला नाही. घासणं कोण मोजतंय?"

"मला सांगायचं ना, कॅझ."

"विचारलं होतं की. तू म्हणालास, ठीक आहेत."

मी खाली बघितलं, सवयीने. तेच फुगलेले बूट, फरशीला चिकटलेले. म्हाताऱ्याचे पाय सुजलेले होते, एवढंच. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय हलत नाहीत, आणि मी त्यावरून त्याला थापाड्या ठरवला होता. "त्या खोलीत बोलला का नाहीस?" मी विचारलं. "बर्डिकसमोर तुझं नाव राहिलं असतं."

"आणि तुझी बोटं बाहेर आली असती. माझं काय, टॉवेल कुणीतरी धुवायचेच असतात." त्याने एक टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, मैदानात टाकायचा तसा. "पण मी बरं केलं असं नाही म्हणत मी. दोन महिने झोप नाही मला. मान आहे ती, आयोवा. पुन्हा कुणी पडलं तर? मी घासत होतो आणि देवाला सांगत होतो, ह्याला कुणीतरी पकडू दे. तर तूच मला पकडलंस."

तो हसला. मलाही हसू आलं, आणि मग हसणं थांबेना आणि ते हसणं नव्हतं. मी विचारलं, अजून वेळ आहे, बारा चेंडू तू परत घासशील का? हे मी खरंच विचारलं. इतकं सगळं ऐकल्यावरही विचारलं. कॅझने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पंचांकडे गेलेत. आता त्यांना मीही हात लावू शकत नाही, तूही नाही." मग पुढचा टॉवेल उचलत म्हणाला, "आणि असते हातात तरी नसते घासले. आता तुलाही कळल्यावर नाही."

मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात टिलरी भिंतीला टेकून उभा होता. डॉक्टरच्या खोलीचं दार त्याच्या पलीकडे होतं. मी आधी डॉक्टरकडे जाऊ शकलो असतो. मग बर्डिकला कळलं असतं, मग बर्डिकने ह्याला कोपऱ्यात घेतलं असतं आणि हा तासभर माझ्या शेजारी बसून माझ्याकडे बघायचं टाळत राहिला असता. मला मक्याचा ब्रेड आठवला. मी त्याच्यासमोर थांबलो. "आज तू खेळणार आहेस," मी म्हणालो. "माझ्या हाताला काही कळत नाहीये. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय." त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आणि कॅझला सांग तुझा चेंडू कसा हवा ते. लेस्टरला नको. कॅझला."

"म्हातारबा..." तो म्हणाला. मी त्याच्या बुटांकडे बघितलं नाही, तोंडाकडे बघितलं. बावीस वर्षांचं, घाबरलेलं तोंड होतं. मग मी डॉक्टरचं दार वाजवलं. त्याने माझ्या अंगठ्यात सुई टोचली आणि विचारलं, "कळतंय?" मी दुसरीकडे बघत होतो. मी विचारलं, "टोचलीत का?" त्याने सुई खाली ठेवली आणि फोन उचलला.

आम्ही तीन गुणांनी हरलो. मी बाकावर बसून होतो, मानेला पट्टा. चौथ्या सत्रात कॅझ टॉवेल घेऊन आला, सगळ्यांना दिला, मलाही दिला, आणि कुणी बोलावलेलं नसताना माझ्या कोटाचं वरचं बटण लावून गेला.

संध्याकाळी घरी शॅननने रस्सा वाढला. डॉक्टरने तिला फोन केला होता, तिचं रडून झालं होतं, डोळ्यांवरून कळत होतं. बरणी टेबलावर होती. मी झाकणाला हात लावला, ते फिरलं. टेकवून ठेवलेलं. मी तिच्याकडे बघितलं, ती ताटाकडे बघत होती.

"घट्ट लाव," मी म्हणालो.

"रॉस, जाऊ दे ना."

"लाव घट्ट."

तिने लावलं, दोन्ही हातांनी, जोर काढून. मी उजव्या हाताने झाकण धरलं आणि पिरगाळलं. तळहात लाल झाला. झाकण हललं नाही. मी पुन्हा केलं. ती बसल्या जागी माझ्याकडे बघत होती, मदतीला हात पुढे करत नव्हती, कारण दोन महिने झाकण सैल ठेवून तिने तेच केलं होतं आणि मी तिला धांदरट म्हणालो होतो. शेवटी मी बरणी तिच्यापुढे सरकवली.

"मला येत नाही," मी म्हणालो. "तू उघडून दे."